उजवी पाकळी

सावळीराम गुरवाने ओली पाकळी भैरवनाथाच्या उजव्या खांद्यावर अंगठ्याने दाबली आणि हात हळूच मागे घेतला. डावीकडची त्याने आधीच लावली होती. दोन्ही झेंडूच्याच, पण सारख्या नव्हत्या. डावीकडची पातळ, कोवळी, पाण्यात चांगली मुरलेली. उजवीकडची बुडाशी जाड, जेमतेम ओली केलेली. ती टिकणार नव्हती. टिकू नये अशीच त्याने ती निवडली होती. उजवी आधी पडली म्हणजे देवाचा होकार, डावी पडली तर नकार.

गाभारा एवढा अरुंद होता की गुरव पुढे बसला की मागच्यांना मूर्ती दिसत नसे. उंबऱ्याबाहेर नवसाबाई हात जोडून बसली होती. तिला टेकून नात, सृष्टी. बापाच्या कडेवर बसून आली होती, तरी पोरीला धाप लागली होती आणि ओठ जांभळे पडले होते. बाप, महेश, खांबाशी उभा होता.

काळजाला भोक आहे, असं नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुंबईला ऑपरेशन केलं तर वाचेल, कदाचित टेबलावरच जाईल. नाही केलं तर अशीच विझत जाईल. महेशने बॅग भरली होती. नवसाबाईने ती रिकामी करायला लावली.

"देवानं हो म्हटल्याबिगर पोरगी गावाबाहेर जायची नाय," ती आताही म्हणाली.

"आई, देवाला काय कळतं गं ऑपरेशनमधलं?"

"आन् तुला कळतं व्हय? मळ्यात झेंडू तर लावतो तू."

सावळीराम आत ऐकत होता. कौल लावताना त्याने आजवर लबाडी केली नव्हती. सायखेड्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणून त्याने खूप वर्षं एकच गोष्ट शोधली होती. देव आहे हे सिद्ध करता येत नाही आणि नाही हेही करता येत नाही, एवढंच हाती लागलं होतं. कोणापाशी तो हे बोलला नव्हता. आपल्याला नीट समजलं तरी आहे का, याचीही त्याला खात्री नव्हती. पण तेवढ्यावर गुरवकी करता येत होती. आज मात्र पोरीचे ओठ बघून त्याने ठरवलं. पाकळी पडते ती वजनाने आणि पाण्याने. मग वजन आणि पाणी आपल्या हातात होतं.

"नाथा, पोरीला मुंबईला न्यायचं असंल तर उजवी दे," तो मोठ्याने म्हणाला.

पोरीचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

डावी पाकळी सुटली आणि मूर्तीच्या पायाशी पडली.

सावळीराम बघत राहिला. उजवी जिथल्या तिथे होती. जन्मभर देवाच्या ज्या खुणेची वाट बघितली ती अशी यावी, आणि आजच यावी.

"गुरवबाबा, झाला का कौल?" नवसाबाईने विचारलं.

त्याने पडलेली पाकळी उचलून डाव्या खांद्यावर परत दाबली. मग उजवीला हात घातला. ती निघेना. नखाने सोडवून मूर्तीच्या पायाशी टाकावी लागली.

"उजवी दिली," बाजूला सरत तो म्हणाला.

नवसाबाईने कपाळ उंबऱ्याला टेकवलं. महेशने डोळे पुसले आणि पोरीला उचललं.

सृष्टी टेबलावरच गेली.

दहावं उरकल्यावर महेश देवळात आला. पायऱ्यांशीच थांबला, चपला काढल्या नाहीत. सावळीराम वाती वळत बसला होता. उजव्या पाकळीला शेंदराचं तेल लागलं असेल, डावीला वारा लागला असेल, असं तो मधल्या काळात स्वतःला पुष्कळदा सांगून चुकला होता.

"आई जेवत नाय, गुरवबाबा."

सावळीरामाने पुढची वात वळायला घेतली.

"म्हणती, देवानं तर उजवी दिली व्हती. मग पोरगी गेली ती माझ्याच पापानं. कुठला नवस राहिला, कुठं शिवाशिव झाली, तेच उकरत बसती. काल भिंतीवर डोकं आपटत व्हती." महेशचा आवाज बसला होता. "तुम्ही एवढं वाचता. एकदा खरं सांगा. देव हाय का?"

सावळीरामाच्या हातातली वात पिळवटली. डावी पडली होती हे खरं सांगितलं तर नवसाबाई सुटत होती. त्याच खऱ्याने महेश मरत होता: देव नको म्हणत असताना लेकीला घेऊन गेलेला बाप. आणि आपण? तो विचार त्याने तिथेच सोडला.

"नाय," तो म्हणाला.

इतकी वर्षं हा शब्द त्याला सहज म्हणता आला असता. आज तो म्हणताना डोळ्यांपुढे ती न निघणारी उजवी पाकळी होती.

"आईपुढं म्हणाल?"

"म्हणतो."

नवसाबाई घराच्या ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसली होती. कपाळावर काळंनिळं झालं होतं. मागे मळ्यात न तोडलेला झेंडू झाडावरच काळा पडला होता. सावळीराम तिच्यासमोर खाली बसला. महेश दारात उभा राहिला.

"नवसाबाई, तुमचं काही पाप नाय. वर कोणीच नाय. मी जन्मभर पूजा केली, मीच सांगतो. उगा जिवाला लावून घेऊ नका. दोन घास खा."

तो रागाची, शिव्यांची वाट बघत होता. ती रागावली नाही. ऐकलेलं नीट लावून घेत असल्यासारखी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कोणीच नाय?"

"नाय."

"मग त्या दिवशी उजवी दिली कोणी?" तिने विचारलं.

दारातून महेशही त्याच्याकडे बघू लागला.