आतली कडी

तुरुंगातून सुटलेल्या बापाला घरी कसं सांभाळायचं, हे आम्हा संस्थेच्या कार्यकर्त्यांना पुण्याहून आलेल्या एका बाईंनी शिबिरात शिकवलं. त्या खोटं काही सांगत नव्हत्या. आघात झालेल्या माणसाला मागून हात लावू नका, आवाज चढवू नका, त्याला शांत जागा द्या. फक्त त्यांच्या पडद्यावरच्या घराला चार खोल्या होत्या आणि नळाला रोज पाणी होतं. सोलापुरात ह्यातलं काहीच धरून चालता येत नाही. दुपारच्या जेवणात गुलाबजाम मात्र चांगले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत संस्थेनं मला शेळगीला गुरप्पा बिराजदारांच्या घरी पाठवलं. गुरप्पा पूर्वी टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचे. गल्लीतल्या एका भांडणात त्यांनी समोरच्याला ढकललं, तो दगडी पायरीवर आपटला आणि मेला. आठ वर्षं आत काढून ते परत आले, ते ह्याच गल्लीत आणि ह्याच एका खोलीत. बायको भुवनेश्वरी शाळेचे गणवेश शिवायला जाते. मुलगी काव्या बाप गेला तेव्हा बालवाडीत होती, आता आठवीत आहे.

घरात काय चाललं होतं ते मला पहिल्या चहातच दिसलं. गुरप्पा पाण्याच्या तांब्याकडे बघत आणि विचारत, "पानी पिऊ का?" पंखा लावायलाही परवानगी, उठायलाही परवानगी. आणि भुवनेश्वरी त्यांच्याशी बोलतच नव्हती. माणूस हाताच्या अंतरावर बसलेला, तरी ती म्हणायची, "काव्या, त्यांना सांग, च्या निवतोय." काव्या मान वळवून सांगायची, "पप्पा, च्या निवतोय." त्या पोरीचा बिचारीचा नुसता दुभाषा झाला होता.

मला मात्र पाठवलं होतं ते दुसऱ्याच कारणानं.

आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि येतं तेव्हा अख्खी गल्ली हातातलं काम टाकून कोपऱ्यावरच्या नळाला धावते. घरात कुणी झोपलेलं असेल तर बाई बाहेरून कडी घालून जाते. कुत्रं शिरू नये, झोपलेल्याची झोप मोडू नये, एवढंच त्यामागे असतं. ह्या गल्लीत लहान पोरांवर, म्हाताऱ्यांवर, रात्रपाळी करून आलेल्या नवऱ्यांवर सगळ्यांवर अशी कडी पडते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. गुरप्पांना रात्री झोप यायची नाही, दुपारी डोळा लागायचा. मी जायच्या आधी अशाच एका दुपारी पाणी आलं, भुवनेश्वरीनं घागरी उचलल्या आणि सवयीनं कडी घातली.

ती परत आली तेव्हा शाळेतून आलेली काव्या तिच्याबरोबर होती. दार उघडलं तर गुरप्पा भिंतीकडे तोंड करून उकिडवे बसलेले, दोन्ही हात डोक्यावर. त्यांनी दार वाजवलं नव्हतं, हाक मारली नव्हती. संडास गल्लीच्या टोकाला आहे. लेंगा ओला झाला होता आणि ओल फरशीवर पसरली होती. काव्या घाबरून हसली. एकदाच, पण मोठ्यानं. ते हसणं त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी भुवनेश्वरीचा भाऊ शिवानंद आला. शिवानंदकडे प्रत्येक अडचणीवर तोडगा तयार असतो आणि तो नेहमी दुसऱ्यानं कुठंतरी जाण्याचा असतो. चिंचोळी एमआयडीसीत त्याच्या ओळखीनं वॉचमनची जागा होती, गेटजवळ राहायला खोली. "भावजींनी तितंच राहावं," तो म्हणाला. "पोरगी मोठी झाली. तिच्या डोक्यावर परिणाम नको." गुरप्पांनी लगेच मान हलवली. त्यांची पिशवी भरायला वेळ लागणार नव्हता. भुवनेश्वरी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. आठ-दहा दिवसांनी, सोमवारी, तो त्यांना न्यायला येणार होता.

मी शिबिरातलं ज्ञान पाजळलं. बाहेरून कडी घालायची नाही, दार उघडं ठेवून जायचं, जाताना सांगून जायचं. भुवनेश्वरी ऐकत होती आणि भाकरी थापत होती. माझं झाल्यावर ती म्हणाली, "आनि मला कोन शिकवनार, मॅडम?"

"म्हणजे?"

"त्यांच्यासाठी तुमी आला. शिबिर घेतलं म्हनता. आठ वर्षं मी कशी काडली ते इचारायला कोन आलं हुतं? ते आत हुते, मी भाईर. पन भाईर कुटं हुते मी? नळावर गेले की बाया आपल्या घागरी लांब सरकवायच्या. त्यांचं नाव काडलं की सगळ्या गप. मग मी नावच टाकलं. कारखान्यात फक्त भुवनेश्वरी सांगते, पुढं काई न्हाय." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "माझ्यावरची कडी कोन काडनार?"

मला तिचा राग पटला आणि त्या पुण्याच्या बाईंचा थोडा राग आला, ज्यांनी शिबिराच्या दोन दिवसांत कैद्यांच्या बायकांचं नावही काढलं नव्हतं.

उघड्या दाराचा प्रयोग फसला. पुढच्या पाण्याच्या वेळी भुवनेश्वरी दार सताड उघडं ठेवून गेली, तर गुरप्पा उंबऱ्याच्या आत पाठ ताठ करून बसून राहिले. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पावलाला दचकत होते. बाया वाकून आत बघून जात होत्या. कुत्रं शिरलंच, टोपल्यातली भाकरी घेऊन गेलं आणि त्यांनी त्याला हाकललंही नाही.

रविवारी मी पुन्हा गेले. दुसऱ्या दिवशी शिवानंद येणार होता. गुरप्पांची पिशवी भिंतीशी बांधून ठेवलेली होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी उगाच हवापाण्याचं बोलत होते. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला, पाणी आलं. भुवनेश्वरीनं घागर उचलली, काव्यानं कळशी. गुरप्पा एकदम उभे राहिले. त्यांची नजर दाराच्या आतल्या बाजूला होती.

"मॅडम," ते म्हणाले, "आतनं कडी लावायची परवानगी हाय का?"

"मला काय विचारता? घर त्यांचं आहे."

त्यांनी भुवनेश्वरीकडे पाहिलं. ओठ दोनदा हलले. "आतनं लावू?"

ती घागरीकडे बघत म्हणाली, "काव्या, सांग त्यांना, लावा म्हनावं."

"मी न्हाय सांगनार," काव्या म्हणाली. "तूच सांग की." आणि कळशी घेऊन सरळ बाहेर पडली.

भुवनेश्वरीचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता पोरीला धपाटा बसतोय. पण ती दाराच्या चौकटीला म्हणाली, "लावा." आम्ही दोघी बाहेर आलो, तिनं दार ओढून घेतलं आणि तिथंच उभी राहिली. नळावर गर्दी वाढत होती. मग कडी सरकली. अर्धी अडली, मागे गेली आणि पुन्हा सरकून बसली. मगच ती नळाकडे निघाली.

परत येताना तिच्या कमरेवर घागर होती आणि मागे शेजारच्या कस्तुराबाईसकट चार-पाच बाया होत्या. हात गुंतलेला म्हणून तिनं कोपरानं दार वाजवलं. पुन्हा वाजवलं, जरा जोरात.

"यारु?" आतून आवाज आला. कोण, असं कानडीत. घरात ते पूर्वी कानडीच बोलायचे, पण आल्यापासून ती भाषा त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती.

"मी."

दार उघडलं नाही. बाहेरून कुणीतरी दार ठोकतंय एवढंच त्यांना कळत असणार, आणि कडी त्यांच्या हातात. मी घाबरले, हे सरळच सांगते. पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले असतील तर उद्याची पिशवी पक्की होती. बाया थांबल्या होत्या. कुणी हसत नव्हतं आणि कुणी जातही नव्हतं. काव्या दातांनी ओढणी चावत होती.

"यारु?" आवाज बारीक झाला होता.

भुवनेश्वरीनं एकदा मागे वळून बायांकडे पाहिलं, एकेकीकडे. मग दाराकडे तोंड करून, कानडीत नव्हे, सगळ्यांना कळेल अशा मराठीत, खणखणीत आवाजात म्हणाली,

"गुरप्पा बिराजदारांची बायको! उघडा की ओ, घागर लई जड हाय."

कडी निघाली. गुरप्पांनी दोन्ही हातांनी घागर घेतली. भुवनेश्वरी रडत होती आणि रडते आहे हे तिला लपवायचं नव्हतं. काव्या त्यांच्या मधून वाकून आत शिरली. मीही एक पाऊल पुढे टाकलं, कारण माझं काम अजून व्हायचं होतं, निदान मला तसं वाटत होतं. तेवढ्यात भुवनेश्वरी आत गेली, दार लागलं आणि तिनं आतून कडी घातली. मी बायांबरोबर बाहेरच राहिले.

"मॅडम," तिचा आवाज दारापलीकडून आला, "शिवानंदला तेवढं फोन करून सांगा. चिंचोळीला दुसरा मानूस बघ म्हनावं."

मी गल्लीत उभी राहूनच फोन लावला.