ड्रॅगनच्या जागी पैडिराजू

"ड्रॅगन आहेस तू. रेशनच्या रांगेतला म्हातारा नाहीस. डोळ्यांत राग आण," दिग्दर्शक चक्रधर भोंग्यातून ओरडला.

पैडिराजू हिरव्या पडद्यापुढच्या चौथऱ्यावर ओणवा उभा होता. गळ्यापासून टाचेपर्यंत हिरवा अंगरखा, तोंडाला हिरवा रंग. पुढे संगणकावर त्याला पुसून तिथे आग ओकणारा ड्रॅगन बसवायचा होता. तोवर नायकाला भाला मारायला समोर कुणीतरी हवं, म्हणून तो. बावन्न वर्षांचा फायटर. सत्तावीस वर्षं तेलुगू सिनेमातल्या नायकांच्या ठोशांनी तो पडत आला होता, आणि पडताना आपलं तोंड कॅमेऱ्यात येऊ द्यायचं नाही, एवढं तो पक्कं शिकला होता.

नायक सूर्यतेजचा डावा हात पाठीशी बांधून शर्टात दडवला होता. सिनेमा एका जुन्या तेलुगू कादंबरीवरून होता. तिच्यातल्या तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, हात शार्कने नेलेला असतो, आणि उरलेला जन्म तो त्या एका माशाच्या मागे समुद्र पालथा घालतो. शाळेत असताना ती कादंबरी हाती न पडलेला माणूस आंध्रात विरळाच. चक्रधरने समुद्राचं आकाश केलं होतं, होडीला पंख लावले होते आणि शार्कचा ड्रॅगन केला होता. त्याबद्दल पैडिराजूची तक्रार नव्हती. सिनेमा म्हटला की हे चालायचंच.

"सर," तो म्हणाला, "कादंबरीत माशाला राग नाहीये. राग सगळा तांडेलाचा."

चक्रधरने भोंगा खाली केला.

"कितवी शिकलास रे?"

"नववी."

"मग दहावीपासून पुढचं मी बघतो. तू राग आण."

सगळे हसले. भीमिलीच्या किनाऱ्यावर त्याचा बाप मासे मारायचा. त्याला अक्षरओळख नव्हती. नववीत असताना पैडिराजूने रोज संध्याकाळी, बाप जाळं दुरुस्त करत असताना, त्याला ती कादंबरी वाचून दाखवली होती. शेवटचं पान संपल्यावर बाप म्हणाला होता, "माशाला भूक लागली, त्याने खाल्लं. हा वेडा कोण, ते त्याला ठाऊकसुद्धा नाही." दोन वर्षांनी बाप समुद्रावरून परत आला नाही. पैडिराजूने राग धरला नाही. धरायचा तरी कुणावर?

शॉट सुरू झाला. सूर्यतेज भाला घेऊन धावत आला. पैडिराजूने त्याच्याकडे न बघता त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं.

"कट."

सूर्यतेजने हातातला रबरी भाला फेकून दिला. "हा वाकतो. लाकडाचा आणा."

"टोक बोथट असलं तरी लागेल, बाबू," फाइटमास्टर मस्तान म्हणाला.

"लागू दे. लागल्यावर तरी बघेल माझ्याकडे."

सूर्यतेजचे लागोपाठ दोन सिनेमे आपटले होते आणि तो सारखा चिडलेला असायचा. त्याच्याशी हुज्जत घालायला कुणी धजलं नाही. लाकडी भाला आला. पहिला घाव पैडिराजूच्या अंगरख्याखालच्या गादीवर बसला. दुसरा गादीच्या खाली घसरून बरगडीवरचं कातडं फाडून गेला. पैडिराजूचा श्वास अडकला, अंगरख्याच्या आत काहीतरी ओलं झाल्यासारखं वाटलं. तरी नजर त्याने पलीकडेच ठेवली.

सूर्यतेज जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मुद्दाम करतोयस तू. मी समोर उभा असताना माझ्या पलीकडे बघतोस?"

"मासा तसाच बघेल, बाबू."

"तू मासा नाहीस. तू कुणीच नाहीस. हिरवं असतं ते पडद्यावर दिसत नाही, कळलं?"

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा भाला छातीच्या रोखाने नव्हता, गळ्याच्या रोखाने होता. पैडिराजूने तो दोन्ही हातांनी धरला.

सूर्यतेजने हिसका दिला. भाला हलला नाही. त्याने पाय रोवून ओढला, तरी नाही. कुणी कट म्हणेना. कॅमेरा चालूच होता. शेवटी त्याने शर्टात बांधलेला डावा हात धडपडत बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. तोंड लालबुंद झालं, गळ्याच्या शिरा फुगल्या. आता पैडिराजू सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होता.

"बाबू, सोडू का?"

सूर्यतेज आजूबाजूच्या माणसांकडे बघू लागला. कुणी पुढे आलं नाही.

"सोड," तो पुटपुटला.

तो मागे पडू नये म्हणून पैडिराजूने भाला सावकाश सोडला.

पाच मिनिटांत प्रॉडक्शन मॅनेजर आला आणि याला गेटबाहेर काढा म्हणाला. मस्तानने पैडिराजूला बाजूला घेतलं.

"पाय धर बाबूचे. दोन मिनिटांचं काम आहे. युनियनकडे तुझ्याविरुद्ध तक्रार गेली तर वर्षभर तुला कुणी बोलावणार नाही."

"भाला रबराचा ठरला होता, मास्टर."

"ठरतं रे पुष्कळ."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

मस्तानने खिशातून बिडी काढली, पेटवली नाही, पुन्हा खिशात ठेवली. "माझ्या घरी सहा माणसं आहेत," तो म्हणाला आणि सेटकडे निघून गेला.

पैडिराजूने हिरवा अंगरखा उतरवून घडी करून दिला. तोंडाचा रंग नुसत्या पाण्याने निघत नाही, त्याला तेल लागतं. मेकअपवाल्याने बाटली पुढे केली होती, पण मॅनेजरने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"ते आपल्या माणसांसाठी आहे."

टळटळीत दुपारी हिरव्या तोंडाने पैडिराजू बसमध्ये चढला. एका बाईने पोराला उचलून मांडीवर घेतलं. मागच्या बाकावरचा कॉलेजचा मुलगा म्हणाला, "ए पोपटा, तिकीट काढलंस का?" दोघातिघांनी मोबाइल वर धरले. एवढ्या माणसांनी एकदम आपल्या तोंडाकडे बघायची त्याला सवय नव्हती.

"कुठे?" कंडक्टरने विचारलं.

"कृष्णानगर."

शेजारची जागा रिकामीच राहिली. पिशवीत एकच टॉवेल होता. आधी त्याने तो डोक्यावरून घेऊन तोंड झाकलं. मग बरगडीपाशी शर्ट चिकटल्याचं जाणवलं, तसा त्याने टॉवेल खाली ओढला, घडी करून जखमेवर दाबून धरला आणि ताठ बसून राहिला.