सोमवार ते बुधवारचं पोलिश

पोलंडला पाठवलेल्या अर्जात मी एक आलेख जोडला होता. आडव्या अक्षावर आठवड्याचे वार, उभ्या अक्षावर बरोबर उत्तरांची टक्केवारी. आलेख दिसायला सुरेख होता. आज तो समोर आला तरी मी मान वळवतो.

एम.एस्सी. झाल्यावर मला तोरणमाळला दगडफुलांच्या नोंदी घेण्याचं काम मिळालं. आपण मसाल्यात घालतो तेच दगडफूल. पोलंडमधल्या एका प्रयोगशाळेत त्याच्यावर वर्षभर काम करायची शिष्यवृत्ती होती. अट अशी, की उमेदवारानं प्राथमिक पोलिश स्वतः शिकावं आणि कसं शिकलो ते पुराव्यानिशी लिहावं. मला ही अट फार आवडली. स्वतःवरच प्रयोग करायचा!

माझ्याकडे तीन साधनं होती: फोनवरचं अ‍ॅप, खिशातल्या चिठ्ठ्या, आणि पोलिश रेडिओच्या बातम्या. सोमवार ते बुधवार मी डोंगरावर असायचो. वर नेटचा भरवसा नव्हता, आणि अ‍ॅपवरचा सलग दिवसांचा आकडा तुटलेला मला चालणार नव्हता. म्हणून अ‍ॅप टाकलेला जुना फोन मी कळसाडीला घरीच ठेवायचो आणि नूतनवहिनींना सांगून जायचो, "वहिनी, रोज दोन मिनिटं कुठंही बोट लावा. दिवस मोडू नका फक्त."

नूतनवहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची, अमृतची बायको. माहेर नवापूरचं, बारावीपर्यंत शिकलेल्या. त्या हसून अहिराणीत म्हणाल्या होत्या, "बोट लावालेबी आते शाया शिकनी पडी का, भाऊ?"

अकरा महिन्यांनी मी अ‍ॅपमधली सगळी माहिती उतरवून घेतली. घरी असायचो त्या दिवशी माझी सदुसष्ट टक्के उत्तरं बरोबर होती. सोमवार, मंगळवार, बुधवारी एक्क्याण्णव.

प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. कुठंही बोट लावलं तर चारांतलं एक बरोबर यायला हवं, म्हणजे पंचवीस टक्के. हे कळायला मला अर्धं मिनिट लागलं. मग मी त्या आकड्यांना कारण शोधलं. मी लिहिलं, की डोंगर चढून शरीर थकलं की स्मरणशक्ती सुधारते असं या प्रयोगातून दिसतं. वाक्य वाचून पाहिलं, शास्त्रीय वाटलं. पाठवून दिलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मला राहवलं नाही. वहिनी ओट्याशी शेंगा सोलत होत्या.

"वहिनी, त्या फोनवर तुम्ही नुसतं बोटच लावत होतात ना?"

त्यांचा हात थांबला. "काय व्हयनं? काही बिघडनं का?"

"नाही. असंच विचारतो."

"पहिला दिन नुसतंच लावं. तर सगळं लाल लाल. माले वाटनं, चुकनं तर तुम्हना मार्क कमी व्हतीन. मंग ध्यान देईसन करू मी." जुन्या कॅलेंडरचं एक पान त्यांनी फळीवरून काढलं. पाठीमागे बारीक अक्षरात पोलिश शब्द देवनागरीत, समोर अहिराणीत अर्थ. पान दोन्ही काठांपर्यंत भरलेलं. "अशी सात पानं शेतस. चूक झाली का, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो. "चांगलं केलंत."

आलेखाचं तेव्हाच सांगता आलं असतं.

मुलाखत दुपारी दीडला, पोलंडमध्ये सकाळचे दहा. आई खुर्ची ओढून कॅमेऱ्यात येणार नाही अशी बसली. तिनं शेजारच्या शांतीबाईलाही बोलावून आणलं होतं. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून लसूण निवडत होत्या. पडद्यावर इवोना नावाच्या प्राध्यापिका आल्या, पिकलेले केस, हसरा चेहरा. त्यांनी सावकाश, सोप्या पोलिशमध्ये विचारायला सुरुवात केली. गाव कोणतं? घरी कोण कोण? मी अडखळत उत्तरं देत होतो. मध्येच दिसलं, प्रश्न संपायच्या आत वहिनींचे ओठ हलत होते.

"काय म्हनी ऱ्हायनी ती बाई?" शांतीबाईनं हळूच विचारलं.

"गप वं," आई म्हणाली. "पोऱ्या परीक्षा दी ऱ्हायना."

मग इवोनाबाईंनी माझा आलेख पडद्यावर आणला. हा फार रंजक आहे, त्या म्हणाल्या. स्मरणशक्तीवर काम करणाऱ्या त्यांच्या सहकाऱ्याला तो हवा होता. आणि त्यांनी सहज विचारलं, "उचिउ श्ये पान साम?" तुम्ही एकट्यानंच शिकलात?

खोलीत पाच माणसं धरली, पडद्यावरच्या बाईंसकट, तर त्यांतल्या तिघांना हा प्रश्न समजला होता.

"ताक," मी म्हणालो. हो. "साम." एकट्यानं.

वहिनींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नीट ऐकू आलं का याची खात्री करावी तसं. मग त्या लसणाचं ताट उचलून आत गेल्या. आई टाळ्या वाजवायच्या बेतात होती.

संध्याकाळी वहिनींनी जुना फोन चार्जरसकट माझ्या टेबलावर आणून ठेवला. "भाऊ, हाऊ तुम्हनाजोडेच ऱ्हाऊ द्या आते."

सकाळी मी इवोनाबाईंना पोलिशमध्ये मेल लिहिली. तीन वारांची उत्तरं माझी नाहीत, ती काढून टाकावीत, डोंगर चढण्याचा निष्कर्ष चुकीचा आहे. तो चुकीचा आहे हे अर्ज लिहितानाच मला ठाऊक होतं, हेही लिहिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. सांगितल्याबद्दल आभार, यंदा अर्ज विचारात घेता येणार नाही, पुढच्या वर्षी स्वतःच्या आकड्यांवर पुन्हा करावा.

घरी मी एवढंच सांगितलं, की यंदा जमलं नाही. आई म्हणाली, "त्या लोकेसले पारखच नही." मी तेही ऐकून घेतलं.

वहिनींना मात्र दाखवायला हवं होतं. मी त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवला. त्यांनी त्या उत्तराखालची माझी मेल शोधली आणि ओळींवरून बोट फिरवत वाचू लागल्या. एका जागी बोट थांबलं.

"'कुटुंबातली एक व्यक्ती.' ही मी का?"

चूक कबूल करताना मी तारखा दिल्या होत्या, टक्केवारी दशांशापर्यंत दिली होती. नाव दिलं नव्हतं. का, ते मी स्वतःला आजही पटेल असं सांगू शकत नाही. बहुधा नाव लिहिलं असतं तर ते एक्क्याण्णव कुणाचे, हे कायमचं ठरलं असतं.

मी तिथंच दुसरी मेल लिहायला घेतली. ती व्यक्ती म्हणजे नूतन अमृत पाटील, माझ्या भावाची पत्नी. अकरा महिने, आठवड्यातले तीन दिवस, घरकाम सांभाळून, कुणीही न शिकवता.

"नूतननं नाव कसाले?" आई मागे येऊन उभी होती. तिला इंग्रजी अक्षरातलं सुनेचं नाव तेवढं वाचता आलं होतं.

मग मी तिला सगळं सांगितलं. फोन, बोट लावणं, आलेख, मुलाखतीतलं ते एक उत्तर. पोलिशमध्ये हे चार ओळींत झालं होतं. आईसमोर अहिराणीत बोलताना मला पुन्हा पुन्हा थांबावं लागलं.

आई सुनेकडे वळली. "तुले समजस ती बोली? इतली?"

वहिनींनी हो म्हणून मान हलवली.

"मंग असं म्हन ना!" आईचा आवाज चढला. "तू कसाले डोकं लावं त्यामा? तुन्हामुये पोऱ्यानं काम बिघडनं!"

वहिनींनी मान खाली घातली. मी काय करतो याची वाट त्या पाहत नव्हत्या. मी काही करीन असं त्यांना वाटतच नव्हतं.

"नही, आई," मी म्हणालो. "मन्हामुये."

आईनं ऐकलं नाही असं दाखवलं. माझ्यामुळे, असं मी पुन्हा म्हणालो, या वेळी मोठ्यानं, बाहेर ओट्यावर बसलेल्या अमृतला ऐकू जाईल इतक्या.