परसातल्या शेंगा

तिसऱ्यांदाही यंत्राने तेच सांगितलं, तेव्हा त्याने बाटलीवरचा क्रमांक डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचला. अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुन्यांना नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. पण हा क्रमांक त्याने स्वतःच टाकला होता. आईच्या परसातला मटार, आणि त्यात तणनाशकाचा अंश.

अंश मर्यादेच्या आत होता. दुसऱ्या कुणाचा नमुना असता तर त्याने ‘योग्य’ असा शेरा मारून हात धुतले असते. पण बायकोचं पोटातलं मूल दोनदा गेलं होतं आणि आता कुठे पाचवा महिना लागला होता. त्याने घरात डाळ तीन-तीनदा धुवायला लावली, पिठाची दुकानं बदलली. तुझ्यासोबत जेवायचं म्हणजे परीक्षेला बसायचं, असं ती म्हणे. शेवटी आईच्या शेंगांवर दोघांचं एकमत झालं, कारण आईने भाजीवर जन्मात काही फवारलं नव्हतं. आई खोटं बोलणारी नव्हती आणि यंत्रही नाही.

संध्याकाळी तो तडक आईकडे गेला. वेल पानोपान तपासले, काही सापडलं नाही. मग त्याचं लक्ष पायाखाली गेलं. फाटकापासून वाफ्यांपर्यंतच्या वाटेवर गुडघाभर गवत असायचं. आता तिथे मोकळी माती होती, कडेला थोडं पिवळं पडलेलं.

"आई, इथलं गवत कुठे गेलं?"

"औषध मारलं. भाजीवर नाही हं, नुसतं वाटेवर." आई खुशीत होती. "सूनबाई रोज येते शेंगा न्यायला. या दिवसांत गवतात पाय अडकला म्हणजे?"

वारा सुटला की फवारा कुठवर जातो, हे तो रोज लोकांना समजावून सांगत असे. पण आईचा राग यावा तर कशाचा यावा?

तेवढ्यात फाटक वाजलं. हल्ली जमिनीवरची नजर न काढता चालणारी त्याची बायको आज मान वर करून, झपझप आली. सासूबाईंनी वाट किती छान केली म्हणाली. सवयीने एक शेंग तोडून तिने सोलली.

"झाली का तुझी तपासणी?"

"झाली. मर्यादेत आहे."

तो खरंच बोलला होता. तरी त्याने तिच्या हातातली सोललेली शेंग काढून घेतली आणि सगळे दाणे आपल्याच तोंडात टाकले.