ब्रेकवर कोण आहे?

तिला सगळे ब्रेकबाई म्हणायचे, आणि तिला त्याचा राग तर नव्हताच, उलट कौतुकच होतं. गाडी शिकवायचा तिचा धंदा. नवा शिकाऊ स्टिअरिंगला लटकून थरथरायला लागला, की ती शेजारच्या सीटवरून म्हणायची, "घाबरायचं काय त्यात? ब्रेक माझ्याकडे आहे." शिकवायच्या गाडीत तिच्याही पायाशी एक जादा ब्रेक होता, तो ती दाबून दाखवायची. या एका वाक्यावर तिनं निम्म्या गावाला गाडी शिकवली होती.

हार मानली होती ती फक्त धाकट्या जावेपुढे. जाऊ पडदे शिवायची, ते घरोघर पोचवायला तिला गाडी यायलाच हवी होती. पण परीक्षेत दोनदा नापास! का, तर बया ब्रेक दाबायचीच नाही. समोर भिंत आली तरी ताई दाबतील या भरवशावर ही निवांत. परीक्षा घेणारा साहेब कशाला दाबतोय तिच्यासाठी?

आता ब्रेकबाईचं स्वतःचं सांगायचं तर तिच्या काळजाला एक खोड होती. चांगली भाजी निवडत बसलेली असावी आणि छातीत एकदम घोडं उधळावं. नाडीवर बोट ठेवलं तर मोजता मोजता आकडे मागे पडायचे. मग जसं सुरू झालं तसंच खटकन बंद. घरात त्याला 'घोडं' हेच नाव पडलं होतं. "आज घोडं आलं होतं का?" असं नवरा चहाबरोबर विचारायचा.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की जन्मापासूनच काळजात विजेची एक जादा वाट आहे, कधीतरी करंट तिच्यात शिरतो आणि गोल गोल फिरत राहतो. जिवाला घोर लावून घेण्यासारखं नाही, पण आपणहून जाणारंही नाही. आधी गोळी देऊन पाहिली. तिनं घोडं कमी झालं, पण ब्रेकबाईचे हात गार पडायला लागले आणि दुपार झाली की डोळे मिटायला लागले. "शिकाऊ गाडी चालवतोय आणि मी जांभया देतेय, बरं दिसतं का ते?" डॉक्टरीणबाईंनाही ते पटलं, गोळी बंद झाली. मग त्यांनी नळीचं सुचवलं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची आणि ती जादा वाट जाळून टाकायची. बहुतेकांची कटकट कायमची मिटते, पण शंभरात एखाद्याची चांगली वाटही दुखावते, मग पेसमेकर बसवावा लागतो. त्यांनी काही लपवून ठेवलं नाही.

नवरा म्हणाला, "लाव एकदाचा सोक्षमोक्ष."

"मी जागी असताना माझ्या काळजात जाळपोळ करणार, आणि मी बघत बसू? माझी फुंकर काय वाईट आहे?"

फुंकर म्हणजे डॉक्टरीणबाईंनीच शिकवलेली युक्ती. घोडं उधळलं की रिकाम्या सिरिंजमध्ये जीव खाऊन फुंकायचं आणि लगेच आडवं होऊन पाय वर करायचे. दहातल्या पाच-सहा वेळा घोडं मुकाट्यानं थांबायचं. "गाडीत असाल तर आधी गाडी थांबवा," असं त्यांनी बजावलं होतं. ब्रेकबाईनं मान डोलावली होती. खरं म्हणजे तिला नळीची भीती नव्हती. दुसऱ्याच्या हातात सगळं सोपवून आपण गप्प पडून राहायचं, तिथे घोडं पेंड खात होतं.

मग ती सकाळ आली. गोदामांमागचा रस्ता, सरळसोट आणि रिकामा. जाऊ चालवत होती आणि ब्रेकबाईच्या छातीत घोडं उधळलं.

"थांबू का ताई?"

"कशाला? रस्ता सरळ आहे, तू चालव. मी आत्ता याला गप्प करते."

समोरच्या कप्प्यातून सिरिंज काढली, तोंड लालबुंद होईपर्यंत फुंकली, सीट मागे पाडली आणि दोन्ही पाय उचलून थेट काचेला लावले. जावेनं डोळ्याच्या कडेनं पाहिलं. ताईचे मोजे काचेवर होते, आणि पुढच्या फाटकातून एक ट्रक मागे मागे येत रस्त्यावर उतरत होता.

"ताई! ब्रेकवर कोण आहे?"

कुणीच नव्हतं. ब्रेकबाईच्या काळजाचं पाणी झालं, पाय खाली आणेपर्यंत उशीर झाला असता. पण जावेनं दाबला. क्लच, ब्रेक, सगळं जसं शिकवलं तसं. गाडी ट्रकच्या बरीच अलीकडे उभी राहिली. तिनं हँडब्रेक ओढला, दिवे लुकलुकते केले आणि मग ढसाढसा रडायला लागली.

घोडंही तेव्हाच थांबलं. युक्ती लागू पडली होती, पण आता त्याचं कौतुक कुणाला!

"चुकले गं मी," ब्रेकबाई म्हणाली. "तुला काही झालं असतं तर घरी कुठल्या तोंडानं गेले असते?"

"मला काय होतंय? मी दाबला ना!" जावेनं नाक पुसलं. "पण उद्या माझ्या जागी कुणी नवखं बसेल. त्याला तुम्ही म्हणणार, ब्रेक माझ्याकडे आहे. ते खरं आहे का ताई?"

ब्रेकबाईनं फोन करून नवऱ्याला बोलावलं आणि तो येईपर्यंत गाडी जागची हलू दिली नाही. त्याच दिवशी तिनं शिकवण्या बंद केल्या आणि डॉक्टरीणबाईंकडे नळीची तारीख घेतली.

टेबलावर ती जागीच होती. "आता आम्हीच उधळवतो हं तुमचं घोडं, त्याशिवाय वाट सापडायची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि छातीत धडधड सुरू झाली. ब्रेकबाईचा पाय आपसूक ताठ झाला.

"पाय नका हो हलवू!" सिस्टर ओरडली.

"ब्रेक शोधतेय."

"इथे तुमच्याकडे ब्रेक नाही, बाई."

ते खरंच होतं. ब्रेकबाईनं पाय सैल सोडला. थोड्या वेळानं छातीत जरा ऊन लागल्यासारखं झालं आणि घोडं थांबलं. मग त्यांनी ते पुन्हा उधळवून पाहिलं, परत परत पाहिलं. ते काही उठलं नाही. चांगली वाट शाबूत होती. बाहेर नवऱ्याचा जीव भांड्यात पडला.

घरी न्यायला जाऊ आली होती. मधल्या काळात ती परीक्षा पास झाली होती, आणि पर्समधलं लायसन तिचं वॉचमनलाही दाखवून झालं होतं. गाडी ब्रेकबाईच्या नवऱ्याची, साधी, जादा ब्रेक नसलेली. नवरा मागे बसला. पहिल्याच चौकात दिवा लाल झाला आणि ब्रेकबाईच्या पायानं खालचं पायपुसणं दाबलं.

जावेनं ते पाहिलं. गाडी हळूच थांबवत ती म्हणाली, "ब्रेक माझ्याकडे आहे, ताई. तुम्ही हवं तर पाय वर करून बसा."

"गप गं, मेले!" ब्रेकबाई म्हणाली. पण तिनं पाय मागे घेतला, आणि दिवा हिरवा झाला तेव्हा तिकडे तिचं लक्षच नव्हतं. ती खिडकीतून दुकानं बघत होती.