सोनेरी सवत

मित्रांनो, मी एक जुने कार्ड आहे. बँकेचे नव्हे. माझ्यावर आजवर कुणाला बिस्किटाचा पुडासुद्धा मिळालेला नाही. मी एका हॉटेल कंपनीचे मानाच्या पाहुण्याला द्यायचे सोनेरी कार्ड आहे. सोनेरी म्हणजे रंगाने. आत सगळे प्लास्टिकच.

एका यंत्रातून माझ्यासारखी हजारभर भावंडे पापडासारखी बाहेर पडली. माझ्यावर काटेवाल्यांचे नाव उमटले आणि मी पाकिटात बसून त्यांच्या घरी आले. काटेवाले म्हणजे कारखान्यांतले वजनकाटे तपासणारे गृहस्थ. महिन्यातले निम्मे दिवस ते परगावी असत. कुठला काटा किती ग्रॅमने खोटे बोलतो, हे ते नुसत्या नजरेने सांगत. पाकिटात माझ्यासोबत एक पत्र होते: 'आपण आता आमच्या खास परिवाराचे सदस्य आहात.' काटेवाल्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचले. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, शाळेचे गणवेश शिवत होत्या. यंत्राचे चाक न थांबवता त्या म्हणाल्या, "अभिनंदन. जुन्या परिवाराला कळवायचं का?"

त्याच दिवशी त्यांनी माझे नाव 'सवत' ठेवले. तेव्हापासून मी स्वतःला बाईमाणूसच समजते.

माझे काम काय? मला पाहिले की हॉटेलातली मुलगी उभी राहत असे. पाण्याची एक बाटली जादा मिळे. सकाळचा नाश्ता फुकट. दुपारी दोनपर्यंत खोली सोडायची घाई नाही. आणि 'उपलब्ध असल्यास' मोठी खोली. काटेवाले ही सगळी यादी पाहुण्यांना तोंडपाठ म्हणून दाखवत. एकदा एका पाहुण्याने विचारले, "पाण्याची बाटली केवढी असते हो?" काटेवाले गंभीरपणे म्हणाले, "पाचशे मिलीलिटर. मी मोजून पाहिलंय."

पण मित्रांनो, सोनेरीपणा फुकट राहत नाही. वर्षाला तीस रात्री कंपनीच्या हॉटेलांत काढाव्या लागत. एक जरी कमी पडली, तरी मी साधी होणार. मात्र राहिल्याबद्दल पॉइंट साठत आणि त्या पॉइंटांवर फुकट राहिलेल्या रात्रीही हिशेबात धरल्या जात. या एका सोयीने आमच्या घराचे वाटोळे केले.

काकूंचे मागणे एकच होते. याच कंपनीचे एक हॉटेल समुद्रकाठी होते. तिथे पाच रात्री राहायचे. बस्स. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पहिल्याच वर्षअखेरीला तेवढे पॉइंट साठले.

"मग निघायचं?" काकूंनी विचारले.

"अगं, नऊ रात्री कमी पडतायत. आधी त्या याच पॉइंटांवर भरून काढू. दर्जा गेला तर समुद्राकडची मोठी खोली कोण देणार आपल्याला?"

"समुद्रावर झोपलं तर रात्र धरत नाहीत का ते?"

"धरतात ना. पण तिथल्या एका रात्रीच्या पॉइंटांत आपल्या गावातल्या हॉटेलच्या दोन रात्री होतात. तिथे पाचच होतील. चार कमी पडतील."

तर्क बिनचूक होता. काकूंना थाटात न्यायचे म्हणून मला टिकवायचे आणि मला टिकवायचे म्हणून काकूंना न्यायचे नाही. इतका अचूक काटा त्यांनी जन्मात तपासला नसेल.

मग दर डिसेंबरात काटेवाले बॅग भरून निघू लागले. शेजारच्या वहिनी जिन्यात विचारत, "काय हो, दौरा का?"

"मुक्कामाला चाललोय."

"कुठं?"

"बस डेपोच्या मागे."

घरापासून रिक्षाने दहा मिनिटे. तिथे ते पांढऱ्या चादरीवर एकटे झोपत, फुकटचा नाश्ता करत आणि सकाळी घरी येऊन काकूंना विचारत, "चहा आहे का गं?"

काकू म्हणत, "उपलब्ध असल्यास देते."

खरे सांगते, मला तेव्हा अभिमान वाटे. माझ्यासाठी एक माणूस स्वतःचे घर सोडून झोपतो, असे भाग्य किती कार्डांच्या वाट्याला येते? सहा वर्षे मी त्या खिशात ऐटीत राहिले. आज त्या ऐटीची मला लाज वाटते.

सातव्या वर्षी काकूंना दम लागू लागला. दोन गणवेश शिवले की त्या यंत्रावर डोके टेकून बसत. काटेवाल्यांनी दौरे कमी केले, दवाखान्याच्या रांगेत बसले, रात्री उशा रचून त्यांना टेकवून ठेवले. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. उलट बायकोजवळ राहिल्यामुळेच त्या वर्षी रात्री कमी पडल्या. पुन्हा नऊ.

नोव्हेंबरात डॉक्टर म्हणाले, "जायचंच असेल तर लवकर जाऊन या."

त्या संध्याकाळी काकूंनी शिवणयंत्रावर झाकण घातले आणि थट्टा न करता बोलल्या. असे त्या क्वचितच बोलत. "अहो, मला मागच्या बाजूची खोली चालेल. खिडकीतून भिंत दिसली तरी चालेल. समुद्र आपण चालत जाऊन बघू. पण या वर्षी."

काटेवाल्यांनी मला खिशातून काढले, पुसले आणि पुन्हा ठेवले. "एवढी वर्षं टिकवलंय, आता शेवटी भिंत कशाला बघायची? पुढच्या वर्षी तुला राणीसारखी नेतो."

मुलीचा फोन आला. "बाबा, मी तिकिटं काढते, हॉटेलचंही मी भरते. तुम्ही फक्त आईला घेऊन जा."

"फुकट मिळणार असताना तू कशाला भरतेस? वेडी आहेस का?"

त्या डिसेंबरात ते नऊ रात्री डेपोमागे राहिले. आठव्या दिवशी सकाळी काकू रिक्षा करून तिथे आल्या, कारण हे रक्तदाबाच्या गोळ्या घरीच विसरले होते. खालच्या वहीत त्यांना नाव लिहावे लागले. 'कुणाकडे' आणि 'नाते' असे रकाने होते. नात्यापुढे त्यांनी लिहिले, 'पाहुण्याची बायको'.

नेमकी त्या दिवशी मोठी खोली उपलब्ध होती. काकू पलंगावर बसल्या, दम खाल्ला आणि खिडकीकडे पाहिले. खाली बसगाड्या धुवत होते. सगळीकडे पाणी झाले होते.

"हीच का ती मोठी खोली?"

"हो. कशी आहे?"

"छान आहे हो," काकू म्हणाल्या. "पाणीपण दिसतंय."

काटेवाले हसले. मी त्यांच्या छातीशी खिशात होते. ते हसणे पुरे झाले नाही, हे फक्त मला कळले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काकू दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्याच आठवड्यात माझा दर्जा वर्षभरासाठी पक्का झाल्याचा संदेश आला.

महिन्याभराने काटेवाल्यांनी मला टेबलावर ठेवले, माझ्या पाठीवरचा क्रमांक वाचला आणि कंपनीला फोन लावला.

"मला दर्जा परत करायचाय," ते म्हणाले. "डिसेंबरातल्या नऊ रात्री तुम्ही परत घ्या. माझे पॉइंट मला द्या."

"सर, राहिलेल्या रात्री परत घेता येत नाहीत. काही गैरसोय झाली का?" पलीकडच्या मुलीने विचारले.

"नाही. नाश्ता चांगला होता." त्यांनी मला टेबलावर उलटे ठेवले. "आमची मंडळी गेली. तिला न्यायचं होतं."

मग ती मुलगी अगदी मनापासून म्हणाली, "फार वाईट वाटलं, सर. माझ्या अधिकारात एकच गोष्ट आहे, ती करते. तुमचा सोनेरी दर्जा आणखी एक वर्ष वाढवून देते. तुम्हाला एकही रात्र राहावं लागणार नाही."

काटेवाल्यांनी सवयीने "आभारी आहे" म्हटले, फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

मित्रांनो, एरवी आमच्यातली वस्तू शेवटी तुम्हाला विनवते, मला जपा, मला नीट ठेवा. मी तसे म्हणणार नाही. मला वाळूत पुरा, पाण्यात टाका, शंभर वर्षांनी काढा. मी आहे तशीच निघेन. मी प्लास्टिकची आहे. मला टिकवायची गरज कधीच नव्हती. घरातले कुणी 'या वर्षी' म्हणाले, तर तेवढे ऐका.

आणि काटेवाले कधी भेटले, तर त्यांना हे सांगायला जाऊ नका. त्यांना ते कळले आहे.