पाठ सारिकाची, माप नानांचं

मी एक जुनी खुर्ची आहे.

खोटं. मी जुनी नाही. पण मित्रांनो, आत्मवृत्त म्हटलं की अशीच सुरुवात करतात म्हणे. पुन्हा करते.

मी एक नवी खुर्ची आहे.

हेही खोटं. मला ऑफिसात येऊन वर्ष होत आलं. पहिले सात महिने अंगावरचं प्लॅस्टिक कोणी काढलं नाही, म्हणून मी नवी दिसते एवढंच. माझी पाठ बारीक जाळीची आहे. बसणाऱ्याला वारा लागावा म्हणून ती जाळीची केली. जळगावचा एप्रिल महिना, जाळीवर प्लॅस्टिक आणि वर घामाने चिकटलेला माणूस. तो उठला की चर्रर्र आवाज व्हायचा. वारा म्हणे!

तिसरी सुरुवात. माझ्या बैठकीखाली एक पाकीट चिकटवलेलं आहे आणि त्यात सूचनांचा कागद आहे. तो आजवर कोणी उघडलेला नाही. आता मीच वाचते आणि पुढे काय घडलं ते सांगते.

सूचना १. जोडणी करताना सर्व स्क्रू घट्ट आवळावेत.

एवढं एक नीट झालं. माझा जन्म नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात झाला. ताजबी नावाची बाई तिथे जाळी ताणून बसवायची. खुर्ची पुरी झाली की ती क्षणभर बसून बघायची, दांडी ओढून खालीवर करायची आणि म्हणायची, "जा बाई, कुणाच्या तरी कमरेला सुख दे." बाकी दिवसभर ती उभीच असायची. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं.

सूचना २. खुर्ची निवडताना, जी व्यक्ती बसणार आहे तिने स्वतः बसून पाहावे.

थांबा. इथे माझं डोकं फिरतं. सावकाश सांगते.

जळगावात हायवेला लागून रतिलाल नानांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. तिथून केळीच्या गाड्या पार दिल्लीपर्यंत जातात. कोणती गाडी कुठे अडकली, कोणत्या ड्रायव्हरचा फोन लागत नाही, हे सगळं सारिका बघते. एक फोन, एक कॉम्प्युटर आणि रोजचे दहा तास. अशी नऊ वर्षं झाली आणि तिची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, "खुर्ची बदला, नाहीतर काम सोडा."

तिला काम सोडायचं नव्हतं. ड्रायव्हर नुसता 'हॅलो' म्हणाला तरी तो कोण आहे, कुठे आहे आणि कोणावर चिडला आहे, हे तिला कळायचं. ही विद्या घरी बसून कुठे वापरणार?

"चांगली खुर्ची आनू तुनासाठे," नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले. नाना वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. ते वाईट असते तर मला चिडणं सोपं गेलं असतं.

खुर्ची बघायला दुकानात नाना आले. त्यांचा अडतीस वर्षांचा पुतण्या भूषण आला. सारिका आली नाही. फोन कोण घेणार?

नाना सहा फूट उंच. त्यांनी अंगठ्याने माझी बैठक दाबली. टरबुजाला मारतात तशी पाठीवर टिचकी मारली. मग चपला काढल्या, वर चढले आणि मांडी घातली.

"मांडी बसनी," ते म्हणाले. "खुर्ची चांगली शे."

"काका, हिच्यावर पाय खाली सोडून बसायचं असतं."

"पाय सोडीसन बसाले मी काय बसमा बठेल शे?"

दुकानदार शहाणा निघाला. त्याने विचारलं, "नाना, ताई केवढ्या आहेत? हाताने दाखवा."

नानांनी हात हवेत धरला. वर नेला, खाली आणला, परत वर नेला. "इतली तं व्हई," म्हणाले. तो हात पावणेसहा फुटांवर होता. सारिका चार फूट दहा इंच आहे. नऊ वर्षांत त्यांनी तिला बसलेलीच पाहिली होती!

दुकानदाराने दांडी ओढली आणि मला सगळ्यात वर नेऊन ठेवलं.

सूचना ३. इथे कागद मुडपला आहे. आपलं काही अडत नाही.

सूचना ४. वापरण्यापूर्वी आवरण काढून टाकावे.

ऑफिसात आल्यावर भूषणने प्लॅस्टिकला हात घातला.

"राहू दे रे, नवी राही," नाना म्हणाले.

सारिकाने मला पाहिलं आणि ती हसली. तिच्या आणि माझ्यामध्ये फक्त चार पावलं होती. नानांनी मला ढकलत तिच्या टेबलापर्यंत नेलंही. मग ते माझ्या उंच पाठीकडे बघत राहिले. वरच्या डोक्याच्या उशीकडे बघितलं. दाराकडे बघितलं.

"गिऱ्हाईक येई, तं इलेच मालक समजी. बठ्ठा मार्केट हसी," ते भूषणला हळूच म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले, "सारिका, दोन दिन मनाकडे राहू दे."

तिसऱ्या दिवशी दसरा होता.

मित्रांनो, व्यापाऱ्याच्या ऑफिसात दसऱ्याला काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. वजनकाट्याला हार, कॉम्प्युटरला हार. मला हार तर घातलाच, वर पाठीवरच्या प्लॅस्टिकवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नानांचे वडील गादीवर बसून धंदा करायचे. त्या दिवसापासून मी खुर्ची राहिले नाही, गादी झाले. आणि गादीवर मालकाशिवाय कोण बसणार? नाना आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. ते चार दिवस माझ्यावर वाळका हार बसायचा.

सारिकाला नानांची जुनी खुर्ची मिळाली. तिचा पंप गेलेला. सकाळी अकराला सारिका टेबलाच्या वर असायची, साडेअकराला तिची हनुवटी टेबलाला टेकायची. मग उठायचं, खुर्ची वर ओढायची, परत बसायचं. दिवसातून वीस वेळा. ओट्यासमोर बसलेल्या लहान मुलासारखी ती दिसायची, आणि चार पावलांवर मी. रिकामी. स्वस्तिकासकट.

"नाना, त्या खुर्चीचं तेवढं..." ती म्हणायची.

"बघू ना बई. दिवाळी व्हवू दे."

दिवाळी झाली. संक्रांत झाली. मार्च झाला. एप्रिलमध्ये तिला उठताना टेबल धरावं लागायला लागलं आणि तिने सांगितलं, "या महिनाअखेर मी थांबते, नाना."

"पोरीनी जात, घरना काम ऱ्हातस," नाना भूषणला म्हणाले. घरचं काम! माझे सगळे स्क्रू तापले.

सूचना ७. बसणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकावेत. (पाच आणि सहा हातांबद्दल आहेत. माझ्यात आता तेवढा धीर नाही.)

तिचा शेवटचा दिवस. नाना धुळ्याला लग्नाला गेलेले. भूषण चहाला. सारिका ड्रायव्हरांची यादी करत होती: कोणाला रागवायचं नाही, कोणाला रागवल्याशिवाय कळत नाही. दुपारी जुनी खुर्ची खाली गेली ती वर येईचना. सारिका उठली. दाराकडे बघितलं. माझ्यावरचा हार काढून टेबलावर ठेवला आणि बसली.

पाय लोंबकळले. तिने हाताने चाचपडत दांडी शोधली आणि ओढली.

ताजबीनंतर पहिल्यांदा कोणी माझ्यावर बसून ती ओढली. मी खाली गेले. आणखी खाली. तिने चपला काढल्या. तिचे तळवे फरशीला लागले, आणि कमरेच्या टेक्याला तिची पाठ लागली. "अगंबाई," ती म्हणाली. बाकी काही नाही. तासभर तिने यादी लिहिली आणि एकदाही उठली नाही.

पाचला तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या, हार जागच्या जागी घातला आणि गेली. मला परत वर केलं नाही. विसरली की मुद्दाम, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी नाना आले आणि रोजच्या उंचीच्या हिशेबाने धपकन बसले. गुडघे छातीशी आले.

"अरे बापरे! भूषण! खुर्ची बिघडनी! इसाकले बलाव!"

इसाकभाऊ नशिराबादचे, खुर्च्यांची दुरुस्ती करतात. स्कूटरवरून आले, माझ्याखाली उताणे झोपले, दांडी तपासली, उठून हात झटकले.

"बिघडली नाही, नाना. कुणाच्या तरी मापाची झाली आहे."

"कोना माप?"

इसाकभाऊंनी जमिनीपासून बैठकीपर्यंत वीत लावली. "एवढे पाय तुमचे नाहीत. भूषणचेही नाहीत. इथं अजून कोण बसतं?"

फोन वाजत होता. भूषणने उचलला. "हॅलो, कोण? कोण बोलतंय? नाव सांगा ना!" पलीकडच्याने चिडून ठेवून दिला. सकाळपासूनचा तो सहावा होता.

नाना माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी परत हात हवेत धरला, सारिकाच्या उंचीचा. या वेळी तो बराच खाली आला. मग त्यांनी फोन लावला.

"सारिका, खुर्ची तुना मापनी व्हयी गई शे. मी हात बी नही लाया. तू ये."

पलीकडून सारिकाने एवढंच विचारलं.

"नाना, प्लॅस्टिक काढलं का?"

नानांनी स्वस्तिकाकडे बघितलं. "...नही."

"आधी ते काढा. मग सांगा."

काढलं, मित्रांनो. स्वतः नानांनी, दातांनी गाठ सोडून. स्वस्तिक त्यांनी घडी घालून देवाच्या फोटोमागे ठेवलं.

गुरुवारी सारिका आली. चपला काढून बसली. तासाभरात एक नवा ड्रायव्हर आत आला आणि थेट तिला हात जोडून म्हणाला, "नमस्कार, मालक."

कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून नाना ओरडले, "मालक मी शे!"

"हो का?" ड्रायव्हर म्हणाला, आणि गाडीचे कागद सारिकालाच दिले. मार्केट काही हसलं नाही.

मला आता रोज वारा लागतो. तरी माझा राग पुरता गेलेला नाही, कारण सात महिने हा काही थोडा काळ नव्हे, आणि तिची कंबर अजून पावसाळी हवेत धरते. म्हणून एवढंच मागते. खुर्ची पुसू नका, पुजू नका, जपून ठेवू नका. ती घ्यायला जाल तेव्हा जिची पाठ दुखते, तिला सोबत न्या.

ऑफिसात फोन वाजेल.

वाजू द्या.